शेगावहून कारंजा: कस्तुरीच्या शहरात दोन दिवस

रात्रभर धावून आलेल्या गाड्या शनिवारी पहाटे शेगावच्या फलाटावर थांबतात, तेव्हा उतरणाऱ्यांची रीघ दोन दिशांना फुटते. बहुतेक जण श्रीगजानन महाराजांच्या समाधिमंदिराची वाट धरतात. काहींची पावले आधी कचोरीच्या दुकानाकडे वळतात. रविवारी संध्याकाळी तीच मंडळी प्रसादाच्या पिशव्या आणि कचोरीचे पुडे सांभाळीत परतीच्या गाडीची वाट पाहताना दिसतात. त्यांत व्यापारी जैन कुटुंबेही थोडी नसतात. दर्शन, महाप्रसाद, थोडी विश्रांती एवढ्यात शनिवारची सकाळ सरते आणि पुढचा दीड दिवस हाताशी मोकळा राहतो. ह्या दीड दिवसाच्या अंतरात, बाळापूर आणि शिरपूर ओलांडून, वऱ्हाडातील एक जुने शहर उभे आहे. एके काळी त्याच्या श्रीमंतीच्या कथा दूरवर पोहोचल्या होत्या, आणि त्या श्रीमंतीत जैन व्यापाऱ्यांचा वाटा मोठा होता. त्या शहराचे नाव कारंजा. सरकारी कागदावर कारंजा लाड.

नावाविषयी आधीच सावध केलेले बरे. वर्धा जिल्ह्यात कारंजा घाडगे आहे, उरणजवळ कारंजा बंदर आहे, आणि वाहनचालकाला नुसते ‘कारंजा’ म्हटल्यास तो भलतीकडे निघण्याचा संभव असतो. आपले कारंजा वाशीम जिल्ह्यातले.

प्रवासाचा आरंभ मात्र शेगावीच नीट करावा. 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले ते बंकटलाल अग्रवाल ह्या व्यापारी घराण्यातील तरुणाच्या, आणि पुढे काही काळ महाराजांचा मुक्कामही त्याच घरी होता. व्यापाऱ्याच्या ओसरीवर संताचा वास, ही गोष्ट आपल्या वाचकांना परकी वाटणार नाही. 1908 मध्ये संस्थानाची स्थापना झाली, 8 सप्टेंबर 1910 रोजी महाराजांनी समाधी घेतली. दर्शन हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा विषय. परंतु संस्थानाचा कारभार पाहण्यासारखा आहे, हे कोणीही मान्य करील. रांगा शिस्तीत सरकतात, फरशी स्वच्छ असते, आणि पांढऱ्या पोशाखातील सेवेकरी पाळीपाळीने विनामोबदला राबत असतात. ‘माऊली’ ह्या एका संबोधनावर हजारो माणसे हलतात, थांबतात, वाट देतात. शिवशंकरभाऊ पाटील यांनी दीर्घकाळ हा कारभार वाहिला. 2021 मध्ये ते गेले, तरी त्यांनी घालून दिलेली वहिवाट टिकून आहे. आपल्या तीर्थक्षेत्रांच्या विश्वस्तांनी एक सकाळ येथे केवळ निरीक्षणासाठी घालवावी, असे सुचवावेसे वाटते.

कचोरीची कथाही व्यापाराचीच आहे. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी 1950 च्या सुमारास स्थानकावरील उपाहारगृहात ती करावयास घेतली आणि थांबणाऱ्या प्रत्येक गाडीने तिची कीर्ती पुढच्या गावी नेली. मुगाच्या डाळीचे तिखट सारण, पातळ आवरण, सोबत तळलेली हिरवी मिरची. चटणीचीही गरज नाही. कंदमुळे वर्ज्य असणाऱ्यांनी सारणात काय घातले आहे ते दुकानी विचारूनच घ्यावे, कारण आता गावात कचोरीवाले अनेक आहेत आणि प्रत्येकाचा हात निराळा.

ही कचोरी, हे स्थानक आणि हे गजबजलेले गाव ज्या एका गोष्टीमुळे वाढले, तिनेच कारंजाचे दिवस पालटले. ती गोष्ट म्हणजे रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून 1867 मध्ये नागपूरपर्यंत पोहोचला. शेगावच्या शेजारच्या जलंब स्थानकापासून खामगावपर्यंतचा छोटा फाटा 1870 मध्ये सुरू झाला, आणि तो केवळ कापसासाठी होता. त्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले होते. अमेरिकेतील यादवी युद्धाने मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला होता आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीवर साऱ्या जगाचे डोळे लागले होते. ज्या गावाजवळून रूळ गेले तेथे जिनिंग कारखाने, अडते आणि दलाल आले. ज्या गावांना रुळांनी टाळले ती गावे, कितीही जुनी आणि कितीही धनाढ्य असोत, मागे पडत गेली. बैलांच्या तांड्यांवर जगलेले कारंजा मुख्य मार्गापासून तीसेक किलोमीटर दूर राहिले.

शेगाव सोडून दक्षिणेकडे निघाले की वीसेक किलोमीटरवर बाळापूर लागते. मन आणि म्हैस ह्या नद्यांच्या संगमावरील उंचवट्यावर विटांचा किल्ला आहे. अचलपूरचा नवाब इस्माईल खान याने तो 1757 मध्ये पुरा केला. नदीकाठी मिर्झाराजे जयसिंगांची म्हणून ओळखली जाणारी छत्री आहे. पुरंदरच्या तहाचे हेच जयसिंग. 1667 मध्ये त्यांचा मृत्यू बऱ्हाणपुरास झाला. छत्रीच्या कमानींतून नदीपात्राकडे पाहत अर्धा तास सहज जातो. अकबराच्या काळी बाळापूर परगणा वऱ्हाडातील सर्वांत संपन्न परगण्यांत गणला जाई. आजच्या बाजारपेठेत त्याची खूण शोधणे कठीण आहे. किल्ल्याच्या तटाइतकी ठळक खूण तर नाहीच.

पुढे पातूर, मेडशी, मालेगाव असा घाटाचा रस्ता आणि मग शिरपूर. येथे रात्रीचा मुक्काम सोयीचा, कारण दोन्ही परंपरांच्या धर्मशाळा आहेत आणि सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याचा नियम असणाऱ्यांना शनिवारची वेळ येथेच साधते. श्रीअंतरिक्ष पार्श्वनाथांच्या श्यामवर्ण मूर्तीविषयी नव्याने काही सांगावे असे नाही. भूमीचा आधार न घेता ती अधांतरी आहे, एके काळी तिच्याखालून घोडेस्वार जाऊ शके, ही श्रद्धा प्रत्येक घरात मुलांना सांगितली जाते. मूर्तीच्या पूजाधिकाराचा वादही सर्वांस ठाऊक आहे. 1981 पासून गाभाऱ्याचे दार बंद राहिले. दोन पिढ्यांनी एका लहानशा झरोक्यातून दर्शन घेतले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मार्च 2023 मध्ये दार उघडले. कोणाची बाजू न्याय्य, हे ठरविण्याचे हे स्थळ नव्हे. मात्र बेचाळीस वर्षे दोन्ही बाजूंचा वेळ, पैसा आणि विद्वत्ता कज्जेदलालीत गेली. शेजारच्या कारंजात त्याच समाजाची ग्रंथभांडारे निगराणीची वाट पाहत होती, ही गोष्ट दुसऱ्या दिवशी मनात आल्यावाचून राहत नाही. गावाबाहेरचे जुने पाषाणी पवळी मंदिर सकाळच्या उन्हात पाहून घ्यावे आणि निघावे.

समृद्धी महामार्गाने शिरपूर-कारंजा अंतर बरेच आटोक्यात आणले आहे. दीडशे वर्षांपूर्वी रेल्वेने ज्या शहराला वगळले, त्याच्या नावाची पाटी आता मुंबई-नागपूर महामार्गावर झळकते. खाली उतरून गावात शिरताच मात्र गती एकदम मंदावते. जुन्या कारंजाला तटबंदी होती आणि चार दिशांना चार वेशी: दिल्ली वेस, पोहा वेस, मंगरूळ वेस आणि दारव्हा वेस. वेशींची नावे म्हणजे व्यापाराचा नकाशाच होय. ज्या दिशेला माल जाई, तिचे नाव दाराला मिळाले. आणि त्यांतील एक दार थेट दिल्लीचे नाव सांगते. आजच्या वेशी ढासळत चालल्या आहेत, खालून मोटारसायकली जातात, बाजूला भाजीच्या गाड्या लागतात. तरी वेशीतून आत पाऊल टाकताना आपण एखाद्या शहरात शिरत आहोत ही जाणीव होते. हल्लीच्या शहरांच्या सीमेवर ती कधीच होत नाही.

ह्या शहराच्या ऐश्वर्याचा सर्वांत बोलका पुरावा एका स्वारीचा आहे. 1670 च्या अखेरीस, सुरतेच्या दुसऱ्या स्वारीनंतर, शिवाजी महाराजांच्या फौजा मुघलांच्या वऱ्हाड सुभ्यात उतरल्या आणि त्यांनी कारंजाची पेठ गाठली. इतिहासकार जदुनाथ सरकार यांनी दिलेल्या वृत्तान्तानुसार एक कोट रुपये किमतीचे उंची कापड, सोने आणि चांदी चार हजार बैल व गाढवांवर लादून नेण्यात आली. शहरातील धनिक ताब्यात घेतले गेले. सर्वांत मोठा सावकार तेवढा स्त्रीवेषात निसटला. स्वराज्याच्या खजिन्यात सुरतेच्या जोडीने भर घालणारे हे वऱ्हाडातील गाव होते. चार हजार जनावरांचा तांडा एका दिशेने चालू लागला तर केवढा लांब होईल, ह्याची कल्पना बाजार समितीच्या आवारात हंगामात उभ्या राहणाऱ्या गाड्या पाहिलेल्यांना करता येईल.

आणि तरी शहर संपले नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच श्वेतांबर मुनी शीलविजय दक्षिणेच्या तीर्थयात्रेवर असताना कारंजास आले. त्यांच्या तीर्थमालेत येथील बघेरवाल ज्ञातीच्या भोज संघवींचे वर्णन आहे: त्यांचे वैभव, त्यांचे दान, यात्रेकरूंसाठी त्यांनी मोकळा सोडलेला हात. एका श्वेतांबर साधूने एका दिगंबर श्रावकाची इतकी मन:पूर्वक स्तुती करावी, हे शिरपूरहून आलेल्या प्रवाशाने थोडे थांबून वाचण्याजोगे आहे. लुटीतून बाजार सावरला, कारण माल गेला तरी पत शाबूत होती, आणि पेढी पतीवर चालते.

संघवी घराण्याशीच कारंजाची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका जोडलेली आहे. तिचे एक रूप असे. कस्तुरीचे ओझे उंटांवर लादून एक सौदागर गावात आला. एवढा माल एकदम घेणारा कोणी मिळेना, तेव्हा ‘येथे कोणी खरेदीदार नाही’ असा टोमणा मारून तो निघाला. लेकुर संघवींच्या कानी ते गेले. त्यांच्या हवेलीचे बांधकाम चालू होते. त्यांनी सगळी कस्तुरी विकत घेतली, जागच्या जागी पैसे मोजले आणि ती कस्तुरी गाऱ्यात कालवून भिंतींत लिंपावयास सांगितली. ‘कस्तुरीची हवेली’ हे नाव आजही गावात कोणीही सांगतो. भिंतीला अजून गंध येतो काय, हा प्रश्न पाहुणे विचारतातच. कथा अक्षरश: खरी मानण्याचे कारण नाही. पण ज्या गावाने आपल्या बाजाराविषयी अशी कथा रचली, त्या गावात ‘माल पडून राहिला’ हे बोलणे पेठेच्या इभ्रतीला लागत असे, एवढे तिच्यावरून उघड होते.

खरा खजिना हवेलीत नाही. तो जुन्या वस्तीतील तीन मंदिरांत आहे: सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ. बलात्कारगण ह्या नावाने आजचा वाचक दचकतो. त्या शब्दाच्या सध्याच्या अर्थाशी ह्या नावाचा संबंध नाही. कर्नाटकातील ‘बळगार’ ह्या नावाचे ते संस्कृत रूप असावे, असे अभ्यासक मानतात. ह्या तीनही परंपरांच्या भट्टारकांचे वास्तव्य कारंजात होते, आणि तीन गाद्यांचा असा शेजार फार थोड्या गावांच्या वाट्याला आला. काष्ठासंघ मंदिरातील लाकडी कोरीव काम सावकाश पाहण्यासारखे आहे. खांबांवर हात फिरवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण तीन-चार पिढ्यांच्या हातांनीच अशा नक्षीची धार जाते.

भट्टारकांच्या आश्रयाने येथे हस्तलिखितांचा संग्रह झाला. व्रताच्या उद्यापनाला शास्त्रदान म्हणून ग्रंथ लिहवून घेण्याची चाल होती, आणि लेखनाचा खर्च व्यापारी श्रावक करीत. ग्रंथाच्या शेवटी लेखक, दाता, गाव आणि संवत नोंदलेला असे. कोठल्याही दगडी लेखात ज्यांचे नाव सापडणार नाही अशा दुकानदारांची आणि त्यांच्या गृहिणींची नावे ह्या पुष्पिकांत टिकली आहेत. मध्यप्रांत-वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची रायबहादूर हिरालाल यांनी 1926 मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा कारंजाच्या भांडारांचे मोल विद्वानांच्या ध्यानी आले. अमरावतीच्या महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हिरालाल जैन यांनी येथील अपभ्रंश पोथ्यांचा कसून अभ्यास केला. मग चवरे घराण्याच्या दानातून अंबादास चवरे दिगंबर जैन ग्रंथमाला निघाली. तिच्यातून 1931 मध्ये पुष्पदंत कवीचे ‘जसहरचरिउ’ डॉ. प. ल. वैद्य यांनी संपादून प्रसिद्ध केले. 1933 मध्ये ‘णायकुमारचरिउ’ आणि 1934 मध्ये कनकामर मुनींचे ‘करकंडचरिउ’ डॉ. जैन यांच्या संपादनाखाली निघाले.

ह्या ग्रंथांचे महत्त्व पंडितांपुरते नाही. संस्कृत-प्राकृतापासून आजच्या देशी भाषांपर्यंत येणाऱ्या वाटेवरील मधला टप्पा म्हणजे अपभ्रंश. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ह्या भाषेतील साहित्य फारसे उपलब्ध नव्हते. ते उजेडात आणणाऱ्या मोजक्या भांडारांत कारंजाचे नाव येते. पुष्पदंत दहाव्या शतकात राष्ट्रकूटांच्या मान्यखेटात लिहीत होता. पिठाच्या कोंबड्याचा बळी दिल्यामुळेही जन्मोजन्मी दु:ख भोगणाऱ्या यशोधर राजाची कथा त्याने सांगितली; आपल्याकडे ती प्रवचनांत अजूनही ऐकू येते. ‘करकंडचरिउ’मध्ये तर धाराशिवच्या लेण्यांचे वर्णन आहे. महाराष्ट्राच्या इतिहासाचा एक धागा कारंजाच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवलेला होता आणि तो सोडविण्याचा खर्च एका व्यापारी कुटुंबाने केला. डॉ. जैन यांनी पुढे षट्खंडागमाच्या धवला टीकेचे प्रचंड काम हाती घेतले आणि 1939 मध्ये त्याचा पहिला खंड प्रसिद्ध झाला. त्या सिद्धतेमागे कारंजाच्या पोथ्यांवर झालेली मेहनत होती.

येथे स्पेनमधील सेव्हिल शहराची आठवण होणे साहजिक आहे. हल्ली आपल्या समाजातील तरुण जोडपी युरोपच्या सहलीत ते पाहून येतात: अरुंद गल्ल्या, संत्र्यांची झाडे, रात्री उशिरापर्यंत गजबजलेले चौक. अमेरिकेशी चालणाऱ्या स्पेनच्या साऱ्या व्यापाराचे नियमन 1503 पासून ह्याच शहरातून होई. पुढे ग्वादलक्विविर नदी गाळाने भरली, मोठी जहाजे येईनात, आणि 1717 मध्ये व्यापाराची कचेरी कादिझ बंदराला हलली. कारंजाला रुळांनी जे केले तेच सेव्हिलला गाळाने केले. परंतु सेव्हिलने एक गोष्ट केली. व्यापाऱ्यांच्या सौद्यासाठी बांधलेली भव्य इमारत मोकळी पडली होती. 1785 मध्ये तीत अमेरिकेच्या व्यवहाराचे सर्व कागद एकत्र ठेवण्याचे ठरले. हिशेबाच्या वह्या, जहाजांच्या याद्या, तक्रारी, पत्रे, काहीही टाकले नाही. ते दफ्तर आज जगभरच्या अभ्यासकांचे आकर्षण आहे आणि 1987 पासून ती इमारत जागतिक वारशात गणली जाते. बाजार गेल्यावर शहर जगले ते जुन्या इमारतींच्या आणि जपलेल्या कागदांच्या जोरावर, आणि सहलीला येणारे आज तेच पाहतात.

कारंजाकडे कागद आहेत, इमारतीही अजून आहेत. विद्येची परंपराही आहे: पुढे आचार्य समंतभद्र महाराज म्हणून वंदनीय ठरलेल्या ब्रह्मचारी देवचंदजींनी 1918 मध्ये येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापिला, आणि 1934 मध्ये कुंभोजच्या बाहुबलीला उभे राहिलेले गुरुकुल त्याच बीजाचा विस्तार होय. उणीव आहे ती येणाऱ्यांची. दत्तसंप्रदायाचे भाविक श्रीनृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानाला, गुरुमंदिराला, वर्षभर येतात; त्यांच्यामुळेच गावात राहण्याजेवण्याची सोय झाली आहे. जैन यात्रेकरू बहुधा शिरपूरहूनच परततो. पोथी पाहणारे डोळे नसले म्हणजे कपाट उघडले जात नाही, आणि न उघडलेल्या कपाटात वाळवी, ओल आणि कसर ह्यांचेच राज्य चालते. जुन्या वाड्यांचेही तेच होते. वारसदार पुण्या-मुंबईला, भाडेकरू एका खोलीत, वरच्या मजल्याला कुलूप. एका पावसाळ्यात कौले सरकतात, दुसऱ्यात तुळई बसते, तिसऱ्यात सागवानाचे गिऱ्हाईक दारात उभे राहते.

येथे येणाऱ्या कुटुंबाने मंदिराच्या व्यवस्थापकांना आधी कळवून यावे, म्हणजे भांडार पाहण्याची विनंती करता येते. आंघोळीचे शुद्ध वस्त्र बरोबर असावे, पोथीला हात स्वच्छ आणि कोरडा लागावा, छायाचित्रासाठी प्रखर दिवा टाळावा. मुलांना पुष्पिकेतील संवत शोधावयास सांगावे. त्यातून सत्तावन्न वजा केले की इसवी सन बहुधा मिळतो. हा खेळ त्यांना वेशी मोजण्याइतकाच आवडतो. मोठ्यांनी एक करावे: आपल्या माळ्यावर आजोबांच्या चोपड्या असतील तर त्या रद्दीत घालण्यापूर्वी त्यांची पहिली आणि शेवटची पाने वाचून पाहावी. येथील पोथ्यांतली नावे वाचल्यावर तसे करण्याची बुद्धी आपोआप होते.

रविवारचे भोजन कारंजात दिवस असताना उरकून मूर्तिजापूर गाठता येते. तेथून मुंबईकडच्या गाड्या मिळतात. मूर्तिजापूरच्या स्थानकात मोठ्या रुळांच्या बाजूला अरुंद रूळ दिसतात. ती यवतमाळकडे जाणारी ‘शकुंतला’. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात खाजगी कंपनीने कापसासाठी टाकलेली ही वाट कारंजावरून जात असे. रेल्वेने कारंजाची आठवण ठेवली ती इतक्या उशिरा आणि इतक्या अरुंद रुळांवर. मँचेस्टरहून आलेले वाफेचे इंजिन 1994 पर्यंत ती ओढीत होते. आता गाडी बंद आहे, रुळांत गवत माजले आहे. मुंबईची गाडी येईपर्यंत त्या गवतात शेळ्या चरताना दिसतात.